उमेलियाचे चाळीस पासपोर्ट

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर मी बोलत सुटले की गोष्ट कुठल्या कुठे जाते आणि दोष भलत्याच्याच गळ्यात पडतो.

मी एउसेबिया वाल्पा. ला पाझच्या चढावर, चिहिनी वस्तीत, गेली पस्तीस वर्षं छोट्या वस्तू करून विकते. छोट्या म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या. घर, मोटार, शिलाई मशीन, सिमेंटची पोती, वकिलीची पदवी, परदेशाचा व्हिसा. चोवीस जानेवारीला आमच्याकडे अलासितासची जत्रा भरते. ज्याला जे हवं असेल ते त्यानं लहानसं विकत घ्यायचं, दुपारी बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, म्हणजे आमच्या मंत्र-तंत्र जाणणाऱ्या पुजाऱ्याकडून, त्याला धूप द्यायचा, वर फुलांच्या पाकळ्या आणि दारूचे चार थेंब. मग वर्षाच्या आत ते मोठं होऊन दारात येतं. येतं का? माझ्याकडून पोती घेऊन गेलेल्यांची घरं मोजत काही मी हिंडलेले नाही. पण तेच लोक पुढच्या वर्षी येतात आणि आता वर मजला चढवायचाय म्हणतात. तेवढं मला पुरतं.

पदव्या आणि व्हिसे छापायला माझ्याकडे एक जुनं ट्रेडल आहे, पायानं मारायचं. त्याचे खिळे जुळवते ती नोएमी. मुंगीच्या डोक्याएवढी अक्षरं चिमट्यानं उचलते आणि आजवर एक खिळा उलटा लागलेला मी पाहिला नाही. मी लावते तेव्हा 'वकील'चं काहीतरी भलतंच होतं.

नोएमी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण परदेशी, साव पावलोला, कपडे शिवायच्या कारखान्यात गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. "दोन वर्षांत नेते," म्हणाली. नोएमी आता अठ्ठावीसची आहे. त्यावर मी बोलत नाही, बोलायला लागले तर दिवस पुरायचा नाही.

आली तेव्हा बोलत नव्हती. डोळ्याला डोळा देत नव्हती, हात फडफडवायची, आणि शेजारच्या बँडवाल्यानं ट्रम्पेट बाहेर काढायचा अवकाश, की टेबलाखाली जाऊन कान दाबून बसायची. शेजारणी म्हणाल्या, "भेदरलीय पोर. हिचा जीव वाटेत कुठंतरी राहिलाय, हाक मारून आणा." मी तीन वेळा आणायला गेले. तिचा फ्रॉक हवेत हलवत, नावानं हाका मारत, या चौकातून त्या चौकात. जीव कुठं राहिलेला नव्हताच. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं, ऑटिझम. वर म्हणाल्या, "ती तिच्या जगात असते." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. जग खरोखरीचंच निघालं.

नऊ वर्षांची असताना एकदा शाळेला निघेना. मी खेकसले, "का नाही जायचं?" तर खिळ्यांच्या खणांकडे बघत म्हणाली, "आज उमेलियात पूल उघडलाय. दुरुस्ती. मला तिथं थांबायला हवं." एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. मी रागावायचंच विसरले. शाळेत ताप आलाय म्हणून कळवलं. पुलाचं सांगितलं असतं तर मास्तरणीनं मलाच दवाखान्यात धाडलं असतं.

तर उमेलिया. तिथं दोनशे चौदा माणसं राहतात आणि घरंही दोनशे चौदा. माणशी एक. नवराबायको समोरासमोरच्या घरांत राहतात आणि खिडकीतून गप्पा मारतात. ही सोय माझा नवरा जिवंत असताना मला कुणी सांगितली नाही! दारांना घंटा नाहीत. कुणाकडे जायचं तर आदल्या दिवशी चिठ्ठी टाकायची. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं तिथं असभ्य समजतात, हातांकडे बघायचं. ट्राम नदीच्या तळातून जाते आणि काचेबाहेर मासे दिसतात. पाऊस येणार असेल तर आदल्या संध्याकाळी पत्रक निघतं, किती वाजता आणि कुठल्या बाजूनं. इनोसेन्सिओ नावाचा बेकरीवाला आहे, तो फक्त मंगळवारी चिडतो. हे सगळं सात जाड वह्यांत आणि तिनं स्वतः शिवलेल्या नकाशांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

आणि कुणी असं समजू नका, की तिला खरं-खोटं कळत नाही. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. उमेलिया तिच्या डोक्यात आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. दिवसभराच्या उजेडानं, आवाजानं, लोकांच्या धक्क्यांनी ती अक्षरशः सोलून निघते. संध्याकाळी तिथं जाऊन बसते तेव्हा कुठं कातडी परत येते, आणि सकाळी पुन्हा आमच्यात यायला तयार होते. तिचं घर तेच. माझ्याकडे ती कामाला येते म्हणा ना.

रोज सूप पिताना ती मला उमेलियाची एक बातमी सांगायची. एकच. मी अर्धं ऐकायची, अर्धं लक्ष चुलीकडे. "हो का? बरं बरं." इतकी वर्षं मी एवढंच म्हणत आले, हे आता कबूल करायला लाज वाटते.

यंदा तेवीस जानेवारीला दुपारी गारा पडल्या. छपराचा एक पत्रा सरकला आणि वाळत घातलेल्या पदव्यांचा लगदा झाला. पन्नास वकील आणि तीस इंजिनियर एका फटक्यात गेले. नवीन छापायला वेळ नव्हता. सकाळी टोपली भरताना नोएमीच्या फळीवर मला ते दिसले. गर्द हिरव्या पुठ्ठ्याचे, अंगठ्याच्या नखाएवढे चाळीस पासपोर्ट. वर सोनेरी बगळा, खाली 'उमेलिया'. आत पानं, पानांवर नक्षी, शिक्क्याची जागा कोरी. चाळीस का, तर एका कागदात तेवढेच बसतात. मला वाटलं, हौसेनं केलेत, पडून राहतील. नोएमी अजून झोपलेली होती. उठवून विचारायला काय जात होतं? काही नाही. पण मी विचारलं नाही, उचलले आणि टोपलीत टाकले.

जत्रेत लोक विचारायला लागले, "कासेरा, हा कुठला देश?" कासेरा म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाला म्हणतो आणि गिऱ्हाईक आम्हाला म्हणतं, लाडानं. मी काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "अहो, जिथं गोंगाट नाही तिथला! कुणी दार वाजवत नाही, कुणी डोळे वटारत नाही, पाऊससुद्धा विचारून येतो!" बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात ना? अकरा वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस गेले. पदव्यांना कधी अशी रांग लागली नव्हती. बारा वाजता घंटा झाल्या आणि माझ्याच समोर यातिरी सातुर्निनोंनी त्यातल्या बहुतेकांना धूर दिला. मी इतकी खूश झाले म्हणून सांगू!

गर्दीमुळे नोएमी चोवीस तारखेला घरीच असते. दुपारी मी धावत घरी आले, तिच्यासाठी मक्याचं कणीस आणि तळलेलं चीज घेऊन.

"नोएमी! तुझा देश लोकांना आवडला! सगळे पासपोर्ट गेले!"

तिनं खाताखाता काटा खाली ठेवला. "किती?"

"चाळीस!"

"धूप?"

"दिला की. बाराच्या ठोक्याला. वेळ चुकवीन का मी?"

"नावं?"

"कसली नावं?"

"ज्यांनी घेतले त्यांची."

"अगं, जत्रेत कोण नावं विचारतं?"

ती उठली आणि खिळ्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली. अठ्ठावीस वर्षांची बाई, गुडघे छातीशी घेऊन. पुढेमागे हलायला लागली. "दोनशे चौदा घरं आहेत," म्हणाली. "दोनशे चौदा. दोनशे चौदा." तासभर तेवढंच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षाच्या आत चाळीस माणसं उमेलियात येणार. ओळख ना पाळख. राहायला घर नाही. आरडाओरडा करणारी असतील, डोळ्यांत बघणारी असतील. आणि त्यांना आमंत्रण दिलं कोणी? मी.

त्या संध्याकाळी बातमी नव्हती. दुसऱ्या दिवशी नकाशांच्या पुस्तकावर काळा कागद चिकटवलेला दिसला. मी विचारलं, "हे काय?"

"सीमा बंद."

"बरं. लोकांना बंद. पण तू?"

"मलासुद्धा. बंद म्हणजे बंद."

तिनं स्वतःलाच बाहेर काढलं होतं. आता दिवसाचा सगळा उजेड आणि आवाज अंगावर घेऊन ही पोरगी जाणार कुठे? कुठेच नाही. चार दिवसांत तिनं जेवण सोडलं, नुसता पांढरा भात खायची. खिळ्यांना हात लावीना. शेजारच्या ट्रम्पेटला तर भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी मध्ये उशी धरायची आणि मनात स्वतःला शिव्या घालायची.

पाचव्या दिवशी मला वाटलं, समजावून बघू. टेबलापाशी खाली बसले. "हे बघ राणी, कागद आहेत ते. नखाएवढे. त्यानं कोणी कुठं जात नाही."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. "मग तू पस्तीस वर्षं लोकांना काय विकतेस?"

ज्या पोरीला मी सहाव्या वर्षापासून सांगत आले, की धूर दिला की येतंच, तिला आता सांगू की सगळं डोंबल आहे म्हणून? आणि खरं सांगते, मला स्वतःलाही ते डोंबल वाटत नाही.

म्हणून त्या यातिरी सातुर्निनोंकडे गेले. म्हटलं, "तुम्ही दिलेला धूर परत घ्या."

म्हातारा कोकाची पानं चघळत हसला. आमच्याकडे बाईला मानानं दोन्या म्हणतात. "दोन्या एउसेबिया, धूर परत घेता आला असता तर अर्ध्या शहराची लग्नं मी मोडून दिली असती. लोक येतात ना माझ्याकडे रडत!"

"चेष्टा नको. पोर मरेल माझी."

हसणं थांबलं त्याचं. "धूर नाही परत येत," म्हणाला. "वस्तू येऊ शकते, ज्यानं घेतली त्यानं आपल्या हातानं दिली तर. तुम्ही माणसं शोधा."

जत्रा आमची तीन आठवडे चालते, एवढंच नशीब. मी दुकानावर ही मोठी पाटी लावली. 'उमेलियाचा पासपोर्ट परत द्या, बदल्यात दुमजली घर घेऊन जा. गॅरेजसकट.' शेजारची बाहुलीवाली म्हणाली, "अगं, वेड लागलं का तुला?" म्हटलं, "लागलं. तू तुझ्या बाहुल्या बघ."

लोक आले. आठवडाभरात सात जणांनी परत दिले. त्यांना काय, हिरवा रंग छान दिसला म्हणून घेतला होता. पण बाकीचे! तेहतीस जण आले, पाटी वाचली, आणि नाही म्हणाले. एक होता वाल्देमार, चाळिशीचा. मिनीबसच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडण्याचा त्याचा धंदा. आवाज इतका बसलेला की घशात खडे वाजल्यासारखे वाटत होते.

"घर नको मला, दोन्या."

"अहो, गॅरेजसकट आहे."

"गॅरेज काय करू? तुम्ही म्हणालात ना, तिथं गोंगाट नाही म्हणून? पहाटे पाचपासून ओरडतो मी. घरी पोरं ओरडतात. रात्री पासपोर्ट छातीवर ठेवतो आणि तिथं कसं असेल त्याचा विचार करतो. झोप लागते. तो नाही देणार."

सगळे असेच. कोणी पाकिटात ठेवला होता, कोणी जपमाळेला बांधला होता. मी हात जोडले, भांडले, एकीला तर चोर म्हणाले. तिनं पैसे देऊन घेतलेला होता, मीच विकलेला. लाज सोडली होती मी.

रात्री टेबलापाशी जाऊन सांगितलं, "सात मिळाले. तेहतीस जण देत नाहीत. हरले मी, नोएमी. माफ कर."

टेबलाखालून आवाज आला, "का?"

आठवडाभरात तिनं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "का म्हणजे काय, हट्टी आहेत मेले."

"विचारलंस का? का नाही देत ते?"

"एकानं सांगितलं." मी तिला वाल्देमारचं सगळं सांगितलं. घशातले खडे, छातीवरचा पासपोर्ट. ती हलायची थांबून ऐकत होती. मी पण त्या दिवशी पूर्ण ऐकत होते, तिचं गप्प बसणंसुद्धा.

मग म्हणाली, "त्यांचं विचारायला हवं. मग घरं बांधता येतील. कोण आहे ते न कळता घर बांधता येत नाही."

सकाळी उठले तर ट्रेडलजवळ ताज्या शाईचा वास. तिनं रात्रीतून अर्ज जुळवला होता, छोट्या नाही, मोठ्या अक्षरांत. चार प्रश्न. नाव. कुठला आवाज नको? एकटे असताना काय करता? डोळे मिटल्यावर काय दिसतं?

"अगं, धंदा विचारायचा राहिला," मी म्हटलं. "आणि वय, आणि लग्न झालंय का."

"तिथं ते विचारत नाहीत."

मी पाटी बदलली. 'उमेलियाला जाणाऱ्यांनी अर्ज भरावा.' आता बघा गंमत. तेच लोक, जे माझ्याशी भांडले होते, ते जांभळ्या मक्याचं गरम आप्पी पीत पीत, ओठांवर जांभळ्या मिशा घेऊन, माझ्या टोपलीवर वाकून अर्ज भरायला लागले. वाल्देमारनं दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं, 'माझा.' एका केशरी स्वेटरवाल्या बाईनं लिहिलं, एकटी असताना ती पायऱ्या मोजते आणि सम आकडा आला की दिवस चांगला जातो. एका पोलिसानं डोळे मिटल्यावर काय दिसतं तिथं आडवा पडलेला डोंगर काढला, आणि इकडेतिकडे बघून कागदाची घडी घातली.

रोज मी ते कागद घरी आणायची आणि नोएमी वाचायची, एकेक, दोनदा. मग पेन्सिल घ्यायची. नकाशावरचा काळा कागद एका कोपऱ्यात सुटला, मग एका बाजूनं सुटला. नदीपलीकडे एक नवीन आळी उठायला लागली. वाल्देमारचं घर आळीच्या शेवटी, जाड भिंतींचं. पायऱ्यावालीच्या घराला चोवीस पायऱ्या. नोएमी भात सोडून सूप प्यायला लागली. एका संध्याकाळी चमचा खाली ठेवून म्हणाली, "ट्रामचा एक थांबा वाढवलाय. इनोसेन्सिओला जास्त पाव करावे लागतील म्हणून तो बुधवारीही चिडणार आहे." मी चुलीकडे पाठ केली आणि विचारलं, "बुधवारी किती वाजता?" तिला उत्तर माहीत होतं.

पण सीमा अजून उघडली नव्हती. ती नकाशा काढत होती, आत जात नव्हती. "सगळे कळल्याशिवाय नाही," म्हणायची.

शेवटून दुसरा अर्ज आला तो देल्फिनाबाईंचा. पन्नाशी ओलांडलेल्या, करडा कोट, कोर्टात खटल्यांची कागदपत्रं दोऱ्यानं शिवायचं काम करतात. अर्ज घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी अकरा पानं जोडून घेऊन आल्या, पोटात दोरा घालून शिवलेली.

"अहो बाई, चारच प्रश्न होते," मी म्हटलं.

"चौथा मोठा होता," त्या म्हणाल्या. माझ्या हातांकडे बघून बोलत होत्या. "डोळे मिटले की मला एक बेट दिसतं. तीन बंदरं आहेत. आठ वर्षांची होते तेव्हापासून आहे. बोटींचं वेळापत्रक आहे, दीपस्तंभांची यादी आहे. कुणालाच सांगितलं नाही कधी. मी रोज चर्चमध्ये तासभर बसते. घरच्यांना वाटतं, फार देवभोळी आहे."

मला हसूही आलं आणि रडूही. "कुणालाच नाही?"

"कोण ऐकणार? भाच्याला दवाखान्यात ऑटिझम सांगितलं, तेव्हा मी तिथं बसले होते. डॉक्टर त्याच्याबद्दल बोलत होते आणि मला वाटलं, हे माझंच सांगतायत. पन्नासाव्या वर्षी कळलं, की मी बिघडलेली नव्हते. आणि यंदा जत्रेत एका आख्ख्या देशाचा पासपोर्ट! शिक्क्याची जागासुद्धा बरोबर आखलेली. म्हटलं, हे करणारं माणूस कुठंतरी आहे." त्यांनी कोटाचं बटण पिरगाळलं. "भेटायचं नाही. भेटणं मला जमत नाही. टपाल चालेल का, एवढं विचाराल?"

मी बाहुलीवालीला दुकान बघायला सांगितलं आणि तशीच धावत सुटले. नोएमीनं अकरा पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिचे हात फडफडायला लागले, पण हे फडफडणं वेगळं, हे मी ओळखते. "तिच्या दुसऱ्या बंदराचं पाणी उथळ आहे," म्हणाली. "आमच्या बोटी चालतील." आणि तिनं टपालाचा करार जुळवायला घेतला, दोन देशांत, सतरा कलमी. मी स्वयंपाकघरात जाऊन शालीला डोळे पुसले. अठ्ठावीस वर्षांत माझ्या पोरीला पहिल्यांदा परदेशातून पत्र आलं होतं.

आता एकच अर्ज राहिला होता. तेहतीस झाले होते. चौतिसावा माझा. मी कुठला पासपोर्ट घेतला नव्हता, पण म्हटलं, एवढी सगळी चाललीत, मी का मागे राहू? बावीस वर्षं तिच्या वाडग्यात सूप वाढणारी मीच ना? बसून भरला. कुठला आवाज नको? 'तू बोलत नाहीस तो.' एकटी असताना काय करता? 'रेडिओशी भांडते.' डोळे मिटल्यावर काय दिसतं? खरं लिहिलं. 'काही नाही. अंधार, आणि त्यात उद्याची कामं.'

नोएमीनं वाचला. दोनदा. मग माझ्यापुढे ठेवला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तू आत नको. तू फार बोलतेस. आणि न विचारता वस्तू उचलतेस."

लागलं हो मला. फार लागलं. म्हणावंसं वाटलं, पोलीस चालतो, ओरड्या वाल्देमार चालतो आणि मावशी चालत नाही? पण तिच्या बोलण्यात खोटं काय होतं? मी मान खाली घातली आणि बटाटे सोलायला घेतले.

"फाटकावर कोणी नाही," ती मागून म्हणाली. "कधी लागलंच नव्हतं. आता लोक येतात. त्यांच्याशी बोलायला लागतं. मला ते जमत नाही. तुला जमतं."

"म्हणजे मी फाटकाबाहेर उभी राहू?"

"बाहेर नाही. फाटकात."

त्या रात्री तिनं काळा कागद पूर्ण काढला.

जत्रेच्या शेवटच्या सोमवारी सकाळी, गर्दी नसताना, ती माझ्याबरोबर आली. कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन घालून दुकानाच्या मागच्या कापडाआड बसली, मांडीवर नकाशा. टोपलीच्या कडेला ते परत आलेले सात पासपोर्ट ठेवलेले होते. दहाच्या सुमाराला एक सूटबूटवाला आला. हिरवा रंग बघून बोटानं दाखवलं. "हे सगळे द्या. ऑफिसात वाटायचेत. किंमत तुम्ही सांगाल ती."

पस्तीस वर्षांत मी गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही. पाऊस असो, ताप असो. जीभ अशी टाळ्याला लागलीच होती. मी ती दातांत धरली.

"माझे नाहीत ते," मी म्हटलं. "विचारावं लागतं. ज्याला जायचंय त्यानं स्वतः येऊन अर्ज भरायचा. मग घर बांधतात. मग देतात."

"अहो बाई, खेळणं आहे ना हे?"

"तुमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "ही फाटकाची पद्धत आहे." तो पुटपुटत गेला, बाहुलीवालीकडून दोन बाहुल्या घेऊन. बाहुलीवाली माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवत होती.

मागचं कापड जरासं सरकलं. "मावशी."

"काय गं?"

"आत ये. पाच मिनिटं. बोलायचं नाही."

मी स्टूल सोडलं, शाल सावरली आणि कापडाच्या आत तिच्या शेजारी टेकले. तिनं नकाशाचं पुस्तक माझ्या मांडीवर अर्धं सरकवलं, माझं बोट धरून नदीच्या काठावर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं, पुलावरून, नव्या आळीतून. बाहेर कोणीतरी "कासेरा, ओ कासेरा!" म्हणून हाका मारायला लागलं होतं. मारू दे, मनातच म्हटलं.